खाचा पाडलेला बांबू

भंडाऱ्याहून निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत दोन बदकं होती. पाळीव. गावाबाहेर एकजण तळ्याकाठी पाळतो, त्याच्याकडून घेतली, त्यानंच कापून दिली. पिसं सासुरवाडीला पोचल्यावर काढू, तोवर आत मांस ताजं राहील, हा माझा हिशेब. प्लास्टिकच्या पोत्यात एकावर एक टाकली आणि तोंड सुतळीनं गच्च बांधलं. डिसेंबरचे दिवस, कशाला काय होतंय!

लाखनीला चहा झाला. साकोलीला बायकोच्या मावशीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि मावशीकडचं जेवण म्हणजे दोन तास. कोहमाऱ्यावरून नवेगावबांधच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. विदर्भातली डिसेंबरची रात्र हाडं गोठवते, पण दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टीच, हे नागपूरकराला सांगायला नको होतं. तरी विसरलो.

सासुरवाडी नवेगावच्या तळ्यापासून चार-पाच किलोमीटरवर. पोतं उघडलं ते आजेसासऱ्यांनी. सगळं गाव त्यांना आबाजी म्हणतं. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, हात मात्र पक्के. मला वाटलं, ते वास घेऊन पाहतील. त्यांनी वरच्या बदकाचा पंख उचलला, दोन बोटं पंखाखालच्या पिसांत पार कातडीपर्यंत घातली आणि डोळे मिटून जरा वेळ तशीच ठेवली.

"जावईबापू, हे तं अजून गरम आहे जी."

सकाळी दहाला कापलेलं बदक, संध्याकाळी चारला गरम! मीही बोटं घालून पाहिली. वरची पिसं गार आणि गुळगुळीत, त्याखाली कापसासारखी लव, आणि तिच्या तळाशी खरंच ऊब होती, गोधडीत हात घातल्यासारखी. खालच्या बदकाची गत वाईट होती. आबाजींनी पोटावरची मूठभर पिसं उपटली तशी कातडीवर हिरवट झाक दिसली, आणि मग वासही आला. ते बदक परसात खड्डा करून पुरलं. आजी काही बोलल्या नाहीत, पण भांडी जरा जोरात ठेवली.

वरचं वाचलं. आबाजींनी आधी त्याचं आतडं काढलं, गळ्याकडून अडकलेले दाणे काढले, आतून कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं. धुतलं नाही. पिसांना तर हातच लावला नाही. मग पडवीच्या वाशाला टांगलेल्या एका काळ्याभोर बांबूला, अंगणाकडच्या टोकाला, ते पायांनी उलटं बांधलं. बांबूवर वीतभर अंतरानं खाचा होत्या, मोजल्या तर चौदा भरल्या. त्यातल्या बऱ्याच खाचांत आता लसणाच्या जुड्या आणि बियाण्यासाठी राखलेली मक्याची कणसं लोंबत होती.

रात्री शेकोटीशी बांबूचा विषय निघाला. आबाजी बारा-तेरा वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, 1951 साली गेली, पण मालगुजाराचा वाडा आणि त्याचे पाहुणे काही लगेच गेले नाहीत. हिवाळ्यात नागपूरहून जीप यायच्या, बारा बोरच्या बंदुका घेऊन. पहाटे डोंग्यातून माणसं तळ्यात जायची, बार झाले की छातीभर पाण्यात उतरून पडलेली पाखरं आणायची ती ढिवरांच्या, म्हणजे इकडच्या मासेमारांच्या, पोरांनी. आबाजींचे वडील वाड्यावर कामाला. पाखरं काठावर आली की पुढचं सगळं त्यांच्याकडे.

"ढीग नाही लावाचा. पयलं काम तेच," आबाजी म्हणाले. "साहेब लोकाईले ढिगाचा फोटो पायजे. बाबा फोटो होऊ देत, न् लगेच एकेक पाखरू गवतावर निरनिराळं मांडत. सावलीत, वाऱ्यावर."

बदकाची पिसं त्याला बर्फाळ पाण्यात जगवतात. तीच पिसं ते मेल्यावर आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. एकावर एक टाकली तर मधली पाखरं जणू शिजत राहतात, आतड्यातून सड सुरू होते. मारलेलं पाखरू बिघडतं ते बहुतेक पहिल्या दोन-तीन तासांत. माझ्या पोत्यात दुसरं काय झालं होतं?

मग वाटणी. छर्रा पोटात लागलेली पाखरं बाजूला काढायची, कारण फुटलेल्या आतड्याची घाण मांसात उतरते. ती त्याच दिवशी साफ करून रश्शाला. डोक्याला किंवा मानेला लागलेली, अंग शाबूत असलेली तेवढी बांबूवर चढायची, एका खाचेत एक, म्हणजे एकमेकांना टेकत नाहीत. पंखाचा मागचा भाग ओला असेल तर कोरडा होईपर्यंत उन्हापासून लांब ठेवायचं. ओल्या गोणपाटात गुंडाळायचं नाही, मग ते कितीही गार लागो.

टांगायचं कशाला, हे मी विचारलंच. जनावर मेलं की काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात, मग हळूहळू सैल पडतात. मांसातलीच विकरं (एन्झाइम) त्याचे धागे आतून सोडवत जातात, मांस मऊ होतं, चव गडद होते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराची छाती चिवटच असणार. पिसं ठेवायची ती मांस सुकू नये म्हणून. पण हे सगळं साधतं ते फ्रीजइतक्या गारव्यात. विलायतेत पाखरू थंड खोलीत दोन-तीन दिवस सुखानं टांगता येतं. आपल्याकडे रात्रही क्वचितच तेवढी गार होते, आणि दुपारी पुन्हा अंगातला सदरा काढावासा वाटतो.

एका पाहुण्याला यावर युक्ती सुचली होती म्हणे: पाखरं टोपलीत घालून विहिरीत सोडा, आत थंड असतं. आबाजींचे वडील हात जोडून म्हणाले, हुजूर, हिवाळ्यात सकाळी विहिरीतून वाफा निघतात. खरंच आहे! विहिरीचं पाणी वर्षभर जवळपास सारखंच असतं, म्हणून उन्हाळ्यात गार वाटतं आणि थंडीत कोमट. रात्री पडवी विहिरीपेक्षा गार. म्हणून बांबू रात्री अंगणाच्या बाजूला, आणि दिवस उगवला की पाखरं मातीच्या भिंतींच्या अंधाऱ्या खोलीत, दाराला ओलं पोतं लावून. एक रात्र, फार तर दोन. शेपटीचं पीस ओढून पाहायचं, सहज हातात आलं तर पाखरू उतरवायचं. पोटाला हिरवी झाक आली तर वेळ टळली.

"न् थापट्या कितीबी टांगा," ते हसले, "चिखल तो चिखलच." थापट्या बदकाची चपटी चोच पाण्याचा गाळ चाळत फिरते, त्याची चव मांसात येते. धानाच्या बांध्यांत चरलेलं तलवार बदक मात्र, म्हणे, तुपासारखं. मी विचारलं नाही, तुम्हाला कितीदा मिळालं म्हणून. वाड्यावर काम करणाऱ्याच्या पोराला मुंडकी आणि पंख मिळत असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्यावर गेलो, आबाजींनाही गाडीत घेतलं. नवेगावचा बांध अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सगळे सांगतात. कोहळी ही तळी बांधणाऱ्यांची जात. भंडारा-गोंदियाकडचे हे मालगुजारी तलाव, सरकारी भाषेत माजी मालगुजारी म्हणून 'मामा तलाव', त्यांच्या हातचे. डोंगरांच्या कुशीत पाणी धुक्याखाली निपचित पडलं होतं. मग धुकं फाटलं आणि वारकरी नावाची पाणपाखरं दिसली, काळ्या ठिपक्यांसारखी शेकड्यांनी. त्यांच्यापलीकडे तलवार बदकं शेपट्या वर करून पाण्यात डोकं खुपसून बसलेली. अडई बदकांची शीळ ऐकू आली. माझी दुर्बीण आबाजींनी एकदा डोळ्याला लावली, काही दिसेना म्हणून परत दिली, आणि नुसत्या आवाजावरून सांगत राहिले काय कुठं आहे ते.

1972 च्या वन्यजीव कायद्यातही छोट्या शिकारीचे परवाने होते, 1991 च्या दुरुस्तीत तेही बंद झाले. आज इथलं रानबदक मारणंच काय, त्याचं मांस जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि हे अगदी बरोबर आहे. 2013 पासून हा सगळा टापू नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पात गेला. आबाजींना शिकार गेल्याचं दुःख नाही. "बंदूक काई आमची नोती," एवढंच म्हणाले.

घरी आलो तर बदक अंधाऱ्या खोलीत होतं. संध्याकाळी आबाजींनी शेपटीचं पीस ओढलं, ते अलगद निघालं. मग अंगणात पिसं काढली, धानाची तणस पेटवून उरलेली लव जाळली, शेपटीच्या बुडाची तेलाची गाठ कापून टाकली. ती राहिली तर सगळ्या रश्शाला उग्र वास येतो. चुलीवर दोन तासांहून जास्त शिजलं. मऊ होतं, पण खरं सांगायचं तर एका रात्रीच्या टांगण्यानं जादू झाली असं मला वाटलं नाही. फरक पडला तो वेळेवर गार झाल्यानं. नागपुरात मी असं टांगणार नाही, साफ करून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवीन. पोतं तर जन्मात बांधणार नाही.

रात्री बांबूची रिकामी खाच बोटानं चाचपत आबाजी आजींना म्हणाले, पुढल्या बारीला जावईबापू चार आणतील. आजींनी तिथं लसणाची जुडी अडकवली आणि आत निघून गेल्या.