आईला घेऊन जपानला

आईला घेऊन जपानला जायचं ठरलं तेव्हा घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: ती तिथे खाणार काय? आई सत्तरीची, शाकाहारी, गुडघे दुखरे, रक्तदाबाची गोळी चालू. प्रश्न रास्तच होता. जपानमध्ये ताटात मासा दिसत नसला तरी दाशी असते, म्हणजे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून किसलेला बोनितो मासा यांचा अर्क. मिसो सूपमध्ये ती, नूडल्सच्या रश्श्यात ती, शिजवलेल्या भाजीतही बहुतेक तीच. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'मांस नको, मासा नको, माशाचा अर्कही नको' असं जपानीत लिहिलेला कागद मी छापून नेला आणि तो सगळ्या प्रवासात उपयोगी पडला.

औषधांकडेही नीट बघावं लागतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं स्वतःपुरती एका महिन्याची नेता येतात, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांमधले घटक तर तिथे चालतच नाहीत. म्हणून आईच्या सगळ्या गोळ्या मूळ पाकिटात ठेवल्या आणि सोबत चिठ्ठी.

ही तयारी कागदावरची. अवघड होतं ते आईला तिथल्या रीती सांगणं. जिने आपल्याला कसं बसायचं, कसं बोलायचं हे शिकवलं, तिलाच परक्या देशात चारचौघांत पावलोपावली टोकायचं, हे मला पटत नव्हतं. म्हणून मी तिला नियमांची यादी दिली नाही. निघण्याआधी संध्याकाळी बसून एकेक रीत आणि तिच्यामागचं कारण सांगत गेले. भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण तसा भात मृतासाठी ठेवतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालताना डावी बाजू वर घ्यायची, उजवी वर असते ती मृताच्या अंगावरच्या कपड्याची. आईने ऐकलं आणि म्हणाली, "कळलं. आपल्याकडेही पिंडाचा भात वेगळाच असतो की." पुन्हा एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही.

चपलांचं तर तिला मनापासून आवडलं. दारात बूट काढायचे, वर चढून स्लिपर घालायच्या, तातामीच्या चटयांवर पाऊल टाकताना त्याही काढायच्या, आणि संडासासाठी वेगळ्या स्लिपर, ज्या तिथेच राहतात. "हे बरोबर आहे," ती समाधानाने म्हणाली. त्रास झाला तो गुडघ्यांना. दिवसातून कितीदा तरी वाकणं होतं. कुणी आईवडिलांना नेणार असेल तर नाडीचे बूट अजिबात नेऊ नका. पायात सरकणारे, मागून घट्ट बसणारे घ्या.

खरा धक्का बसला तो दुकानात. आईने पैसे पुढे केले, आणि काउंटरवरच्या मुलीने अदबीने वाकून समोरच्या छोट्या तबकाकडे बोट दाखवलं. आईचा हात तसाच राहिला. नोटा तबकात ठेवून ती बाहेर आली, पण गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "हातात का नाही घेतले गं?" हातातून पैसे न घेणं, वस्तू लांबून ठेवणं, याचा आपल्याकडचा इतिहास काय आहे हे तिला शिकवायची गरज नाही. माझ्या आधीच्या पिढ्यांनी तो बघितलाय. मी तिला म्हटलं, पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघ. एक जपानी आजोबा होते. त्यांनीही नाणी तबकात ठेवली, तिने त्यांच्यासमोर मोजली, सुटे पैसे परत करताना पावतीसकट दोन्ही हातांनी पुढे केले. सगळ्यांना एकच रीत. आईच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा कुठे सैल झाला. हे मी घरी कितीही समजावलं असतं तरी उपयोग नव्हता. ते तिने डोळ्यांनी बघणंच गरजेचं होतं.

ट्रेनमधल्या शांततेशी मात्र तिचं शेवटपर्यंत पूर्ण जमलं नाही, आणि मला ते समजतं. फोन सायलेंट ठेवा, त्यावर बोलू नका, अशी घोषणाच होते. आपसात हळू बोललं तर चालतं, फोनवर नाही. आईचा दिवस नातवाच्या व्हिडिओ कॉलने सुरू होतो. जपानची वेळ आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे त्याची सकाळ व्हायची तेव्हा आम्ही हमखास गाडीत. शिंकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये दोन डब्यांच्या मधल्या जागेत जाऊन बोलता येतं, तिथे ती उभी राहून बोलायची. लोकलमध्ये तेही नाही. शेवटी कॉलची वेळ रात्री हॉटेलवर नेली.

मग आम्ही कोयासानला गेलो. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून केबल कारने डोंगरावर आणि पुढे बस. 816 साली कूकाई या साधूला सम्राटाने ही जागा दिली, तेव्हापासून हे शिंगोन या बौद्ध पंथाचं पीठ. इथल्या मंदिरांत प्रवाशांना राहता येतं, त्याला शुकुबो म्हणतात. इथलं जेवण शोजिन र्‍योरी: मांस नाही, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तिळाचं गोमा-दोफू, गोठवून वाळवलेला टोफू म्हणजे कोया-दोफू, डोंगरातल्या भाज्या, लोणची, भात. आईने लाल लाखेच्या वाट्यांकडे बघितलं, एकेक पदार्थ चाखला आणि सगळं संपवलं. इतके दिवस तिचं पोट भरत होतं, पण जेवल्यासारखं वाटलं ते इथे. जमिनीवर बसायला बैठी खुर्ची मागितली, ती लगेच मिळाली. मागायला संकोचू नका.

दुसऱ्या दिवशी ओकुनोइनला गेलो. उंच सुगी वृक्ष (जपानी सीडर) आणि त्यांच्या सावलीत शेवाळलेल्या दोन लाखांहून जास्त समाध्या. पूर्ण वाट दोनेक किलोमीटरची आहे. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही बसने ओकुनोइन-माए थांब्यावर उतरून जवळची वाट धरली. दगडी स्तंभांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं कोरलेली आहेत, भारतातून बौद्ध धर्मासोबत आलेली. आई एका स्तंभापाशी थांबून त्यांवरून बोट फिरवत राहिली. शेवटच्या पुलापलीकडे फोटो काढत नाहीत. तिथे कूकाईंचं स्थान. 835 साली त्यांचा मृत्यू झाला असं तिथले लोक मानत नाहीत. ते अजून ध्यानात आहेत अशी श्रद्धा आहे, आणि रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला भिक्षू त्यांच्यासाठी लाकडी पेटीतून जेवण घेऊन जातात. हे मी सांगायला लागले तर आईनेच वाक्य पूर्ण केलं: "संजीवन समाधी. माउलींसारखी." तिने हात जोडले आणि बराच वेळ ओठांत हरिपाठ चालला होता. इतक्या दूर आल्यावर तिला पहिल्यांदाच काही समजावून घ्यावं लागलं नाही.

आंघोळीचा प्रश्न उरला होता. बायकांचं सामायिक स्नानगृह वेगळं असतं, पण सगळ्याजणी विवस्त्रच उतरतात, अंगावर कापड घेऊन पाण्यात जाता येत नाही. आई पहिल्यांदा दारातूनच परतली. मी आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी, स्नानगृह उघडताच, गर्दी नसताना ती स्वतःहून आली. आत एकच आजी होत्या, आईच्याच वयाच्या. त्या बुटक्या स्टुलावर बसून साबणाने पाठ, पाय, कानामागची जागासुद्धा घासत होत्या. मग भरपूर पाणी ओतून अंगावरचा फेस घालवला, स्टूल धुतलं, बादली पालथी घातली, छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवला आणि मग टाकीत उतरल्या. आई बघत होती. "आधी आंघोळ, मग पाण्यात. म्हणजे पाणी कुणाचं खराब होत नाही," ती हळूच म्हणाली आणि शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. पाणी चाळीस-बेचाळीस अंशांचं, बरंच कढत. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी थोडाच वेळ बसायला सांगितलं होतं, म्हणून ती लवकर बाहेर आली. निघताना तिने स्टूल धुतलं, बादली पालथी घातली. आजींनी वाकून नमस्कार केला, आईने हात जोडले.

संध्याकाळी जेवणाच्या खोलीत पांढऱ्या कपड्यांतलं एक जोडपं भेटलं. शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांची यात्रा पुरी करून ते कूकाईंना सांगायला आले होते. अशी प्रथा आहे. आईने मला अनुवाद करायला लावून त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले: किती लांब, राहायचं कुठे, पाय दुखत नाहीत का. बाराशे किलोमीटरच्या आसपास, ते म्हणाले. पण बसनेही करता येते, आणि थोडी थोडी करून अनेक वर्षांतही चालते. आई आता रोज सकाळी गुडघ्यांचे व्यायाम करते. नकाशा मी तिला छापून दिलाय. पहिल्या खेपेला किती मंदिरं घ्यायची यावर आमचा अजून वाद चालू आहे.