नऊवारी आणि स्की

काल मदर्स डे, म्हणजे माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीवर फ्रॉक घालून स्की करायचा दिवस. इथे वॉशिंग्टन राज्यात ही जुनी प्रथा आहे, दाढीवाले बाप्येसुद्धा फुलाफुलांचे ड्रेस घालून चढतात, आमच्या ग्रुपमधल्या एकीने तर स्की पँटवर चक्क नऊवारी नेसली, मग काय, अर्धा डोंगर तिच्याबरोबर फोटो काढायला!

मार्बल माउंटनच्या पार्किंगमधून पहाटे चारला निघालो, स्कीला खालून स्किन्स (चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या) लावून साधारण 5,700 फूट चढ, लिफ्टबिफ्ट काही नाही. वसंतात सगळा खेळ टायमिंगचा असतो, रात्री गोठलेला बर्फ उन्हाने वरून इंचभर सैल झाला की साबुदाण्यासारखा दाणेदार होतो आणि त्यावर स्की अशी पळते की बास! लवकर उतरलात तर नुसती काच, उशीर केलात तर गिचका आणि ओल्या अव्हलांचची (बर्फाचा लोंढा कोसळण्याची) भीती. वर अगदी कडेपर्यंत जायचं नसतं, कारण बर्फाचा छज्जा क्रेटरच्या पोकळीवर लटकत असतो (1980 च्या स्फोटात माथ्याचे 1,300 फूट उडाले ना, तेच क्रेटर). साडेअकराला खाली सुटलो, एकदम परफेक्ट! मांड्या मात्र संपल्यात, आज ऑफिसचा जिना रेलिंग धरधरून उतरतोय.