अबिसिनियाची रसद आणि नसरवानजी टाटांचं कंत्राट

टाटांच्या उद्योगाची गोष्ट बहुतेक जण नागपूरच्या एम्प्रेस मिलपासून किंवा थेट जमशेदपूरपासून सुरू करतात. त्याआधी १८६७-६८ मध्ये अबिसिनियावर निघालेल्या ब्रिटिश फौजेला रसद पुरवण्याचं एक लष्करी कंत्राट होतं, ते एका वाक्यात उरकलं जातं. खरं तर तिथेच थांबायला हवं.

नसरवानजी टाटा १८२२ चे, नवसारीच्या पारशी धर्मगुरूंच्या घराण्यातले. भिक्षुकी सोडून मुंबईत व्यापाराला आले. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सगळी मुंबई सट्ट्यात उतरली होती. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरवर पन्नास हजारांच्या घरात बोली लागत होती. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि बँकांपाठोपाठ पेढ्या बुडाल्या. टाटाही त्यात सापडले. मुलगा जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होता. बापाच्या हुंड्या वटेनाशा झाल्यावर घेणेकऱ्यांना तोंड देणं त्याच्याच वाट्याला आलं.

अशा वेळी अबिसिनियाची, म्हणजे आजच्या इथिओपियाची, मोहीम निघाली. तिथला सम्राट थिओडोर याने ब्रिटिश कॉन्सल (वाणिज्यदूत) कॅमेरॉन आणि इतर युरोपियनांना कैदेत टाकलं होतं. त्यांना सोडवायचं काम मुंबईच्या फौजेचे सरसेनापती रॉबर्ट नेपियर यांच्याकडे आलं. साहजिकच सगळी तयारी मुंबईहून झाली. सुमारे १३,००० शिपाई, त्यांच्यामागे २६,००० बाजारबुणगे, ४०,००० च्या वर जनावरं, त्यांत ४४ हत्ती. जड तोफा ओढायला आणि वाहायला हत्तींना पर्याय नव्हता.

आता हिशेब मांडू. माणशी रोज एक शेर पीठ-तांदूळ धरला तरी ३९,००० माणसांना रोज ९७५ मण (चाळीस शेरांचा एक मण) धान्य लागतं. खेचर साधारण अडीच मण वाहतं, म्हणजे रोजच्या नुसत्या धान्याला चारशे खेचरं झाली. डाळ, तूप, मीठ, दारूगोळा, तंबू यांचं ओझं वेगळंच. आणि खेचरालाही खायला लागतं. चंदी-वैरण मिळून त्याला रोज दहा पौंड धरा. पाठीवर दोनशे पौंड असतील, तर विसाव्या दिवशी त्याने स्वतःचंच ओझं खाऊन संपवलेलं असतं. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरच्या झूला बंदरापासून, कैदी जिथे होते तो मगदाल्याचा किल्ला सुमारे चारशे मैल, वाट डोंगराची. दिवसाला दहा मैल धरले तर नुसतं जायलाच चाळीस दिवस. म्हणजे झूलाहून निघालेलं खेचर मगदाल्याला एक दाणाही पोचवू शकत नाही.

म्हणून वाटेत सेनाफे, अदिग्रात, अंतालो असे कोठारांचे टप्पे करावे लागले आणि दाणा-वैरण तिथल्याच लोकांकडून विकत घ्यावी लागली. तिथे रुपया चालत नव्हता. चालायचा तो मारिया थेरेसाचा चांदीचा थेलर, तोही १७८० सालचा शिक्का असलेला. त्यासाठी व्हिएन्नाच्या टांकसाळीतून खास नाणी पाडून आणली. तिग्रेचा सरदार कासा याने वाट दिली आणि धान्यही पुरवलं. पुढे तोच योहानेस चौथा म्हणून सम्राट झाला. तो उलटला असता तर नेपियरची फौज मगदाल्याऐवजी अंतालोलाच अडकली असती, असं माझं मत आहे.

घोटाळा झाला तो झूलाला. खेचरं इजिप्त, सीरिया, तुर्कस्तान, स्पेन, इराण असं मिळेल तिथून घाईने घेतली होती. जनावरं आधी उतरली. त्यांना सांभाळणारी माणसं, खोगिरं आणि दावणीची व्यवस्था मागून आली. दोरखंड चावून तोडून खेचरं मोकाट सुटली. किनाऱ्यावर गोडं पाणी नव्हतं. बोटींवर समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करायची, म्हणजे प्याल्याभर पाण्यालाही कोळसा जळायचा. तहानेने आणि रोगाने जनावरं मोठ्या संख्येने मेली. हाती लागेल तसे भरती केलेले मोतद्दार, म्हणजे जनावरं सांभाळणारे, निम्म्याहून अधिक अनभिज्ञ. खोगीर नीट बसलं नाही, तंग ढिला राहिला की पाठ सोलते आणि ते खेचर काही आठवडे तरी बाद होतं. संख्या मोजून जनावरं घेतली, पण त्यांच्यामागच्या माणसांची आणि पाण्याची मोजदादच झाली नाही.

मुंबईत तेव्हा ससून डॉकही नव्हतं (ते १८७५ चं), प्रिन्सेस डॉक तर १८८० चं. म्हणजे बंदरावरून पडावात (माल वाहणाऱ्या छोट्या होडीत) आणि पडावातून बोटीत, असा सगळा माल चढत होता. अशा भरतीत आधी चढलेलं तळाशी जातं, म्हणून जे आधी लागणार ते शेवटी भरायचं असतं. झूलाचा किनारा उथळ, त्यामुळे समुद्रात लांबवर धक्का बांधावा लागला. तो पुरा पडेपर्यंत भाड्याच्या बोटी भरल्या मालासह उभ्या, भाडं मात्र चालूच. किनाऱ्यापासून डोंगरपायथ्याच्या कुमायलीकडे सुमारे बारा मैल रेल्वेही टाकली, वेगवेगळ्या जातींचे जुने रूळ जोडून! ती जाताना फारशी कामी आली नाही. माल परत आणताना आली.

१३ एप्रिल १८६८ रोजी मगदाला पडला, थिओडोरने स्वतःला गोळी घालून घेतली. जूनमध्ये फौज परतली. नसरवानजी आणि त्यांच्या भागीदारांनी वर्षभराच्या पुरवठ्याच्या हिशेबाने कंत्राट घेतलं होतं, आणि लढाई महिन्यांतच आटोपली. सगळ्यांचा मिळून नफा चाळीस लाखांच्या घरात गेला, असं जमशेटजींचे चरित्रकार सांगतात. चाळीस लाख म्हणजे हातचलाखी असं समजणाऱ्यांनी कंत्राटाची जात पाहावी. युद्धाच्या पुरवठ्याचा दर ठरतो तो बोट बुडण्याच्या, माल सडण्याच्या आणि लढाई लांबण्याच्या भीतीवर. इथे लढाई लांबलीच नाही.

पुढच्याच वर्षी, १८६९ मध्ये जमशेटजींनी चिंचपोकळीची दिवाळखोर तेलगिरणी घेतली, तिची सूतगिरणी केली, अलेक्झांड्रा नाव दिलं आणि दोन वर्षांत फायद्याने विकली. त्यानंतर नागपूरची एम्प्रेस मिल, १ जानेवारी १८७७.

ब्रिटिश संसदेने सुरुवातीला वीस लाख पौंड मंजूर केले होते. प्रत्यक्ष खर्च ८५ लाखांच्या वर गेला आणि हाउस ऑफ कॉमन्सला चौकशी समिती नेमावी लागली. फौज हिंदुस्थानची होती, म्हणून तिचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीवर टाकला गेला. याच खर्चावर नोव्हेंबर १८६७ मध्ये लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनमध्ये दादाभाई नौरोजींनी निबंध वाचून आक्षेप घेतला. मुंबईच्या पारशी व्यापारी मंडळींतला एक गट पुरवठ्याची बिलं करत होता, आणि त्याच समाजातला दुसरा माणूस विचारत होता की ही बिलं भरणार कोण.