४४२ मॅलेट अखेर १:२८ चा घाट चढलं (एरिट्रियाच्या रेल्वेचं मॉडेल, प्रमाण १:८०, गेज म्हणजे रुळांमधलं अंतर १२ मिमी)

नेफासित स्टेशनाच्या वरच्या वळणावर ४४२ चं (हे मॅलेट, म्हणजे चाकांची दोन युनिटं असलेलं आणि त्यातलं पुढचं बिजागरीवर फिरणारं वाफेचं इंजिन) पुढचं युनिट रुळावरून उतरायचं, ते अखेर थांबलं. मागे सहा मालडबे लावून चढावर, उतारावर, स्मोकबॉक्स (धुराड्याकडचं टोक) पुढे ठेवून आणि केबिन पुढे ठेवून, सगळ्या तऱ्हांनी चालवून झालं. सापडलेलं कारण कुठल्याही मॅलेट बांधणाऱ्याच्या कामाचं आहे, म्हणून या वेळी बरीचशी जागा त्यालाच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: एरिट्रियाची लाइन ९५० मिमीची. इटालियन नियमात मीटर रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजत, म्हणून आतलं अंतर ९५०. ते १:८० ला ११.९ मिमी येतं, म्हणजे बाजारातला १२ मिमी ट्रॅक जवळजवळ बिनचूक बसतो. १:८७ धरलं तर तोच ट्रॅक १,०४४ मिमीचा होतो आणि इंजिन रुंद रुळांवर बसल्यासारखं दिसतं. मसावा ते अस्मारा ११८ किमी, समुद्रसपाटीपासून निघून २,३०० मीटरच्या वर, सर्वांत तीव्र चढ १:२८, सर्वांत आवळ वळण ७० मीटर त्रिज्येचं. आपल्या बोरघाटातला चढ १:३७ आहे, त्यावरून अंदाज यावा. १:८० ला ७० मीटरचे ८७५ मिमी होतात. खऱ्या घाटाचं वळण काटछाट न करता बेसबोर्डवर (मॉडेलच्या फळीवर) बसवता येणं ही मिनिएचर रेल्वेत दुर्मीळ चैन आहे आणि ती सोडायची नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे.

आता दुखणं. १८० अंशांच्या वळणाची लांबी २.७५ मीटर, त्यात चढ ९८ मिमी. वळणावर बाहेरचा रूळ १ मिमी उचललेला. सरळ रुळावर इंजिन निर्धास्त, वळणाच्या मध्यावरही निर्धास्त. पण वळणात शिरताना, जिथे बाहेरचा रूळ उचलायला लागतो तिथे, पुढच्या युनिटचं पहिलं बाहेरचं चाक फ्लँजवर (चाकाच्या आतल्या उंच कडेवर) चढायचं आणि बाहेर पडायचं. उलट दिशेने जाताना हेच वळणातून बाहेर पडण्याच्या जागी. वेग कमी केला तरी फरक नाही. ट्रॅकचं गेज बरोबर, चाकांमधलं आतलं अंतर चारही अ‍ॅक्सलवर १०.३ मिमी, रुळांचे सांधे घासून गुळगुळीत. वजन वाढवलं की प्रमाण कमी व्हायचं, पण जायचं नाही.

उलगडा कागदाच्या पट्टीने झाला. अगदी पातळ कागदाच्या २ मिमी रुंद पट्ट्या कापायच्या, इंजिन नेमकं घसरण्याच्या जागी उभं करायचं आणि आठही चाकांखाली एकेक पट्टी सरकवून हळूच ओढायची. वजन असेल तिथे कागद फाटतो, नसेल तिथे अलगद निघून येतो. पुढच्या युनिटच्या पहिल्या बाहेरच्या चाकाखालून आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाखालून पट्टी सहज निघाली. म्हणजे युनिट दोन कोपऱ्यांवर तोललेलं होतं.

खऱ्या मॅलेटमध्ये मागचं युनिट बॉयलरला पक्कं असतं, पुढचं बिजागरीवर फिरतं आणि बॉयलरचा पुढचा भार त्यावर सरकत्या आधारातून उतरतो. खाली स्प्रिंगा असल्यामुळे प्रत्येक चाक आपापला रूळ धरून ठेवतं. मॉडेलमध्ये मात्र पुढच्या युनिटवर १४ मिमी अंतराने दोन घसरपट्ट्या बसवल्या होत्या, खऱ्या इंजिनाची नक्कल म्हणून. स्प्रिंगा नसताना या दोन पट्ट्या युनिटला आडवं कलंडू देत नाहीत. उंची ० ते १ मिमी अवघ्या १५० मिमी लांबीत चढत होती आणि दोन्ही युनिटच्या मध्यांतलं अंतर ४५ मिमी आहे, म्हणजे इंजिनाच्या दोन टोकांना ०.३ मिमीचा पीळ. फ्लँजची खोली ०.६ मिमी. अर्धी पकड तिथेच गेली, वर वळणाचा आडवा रेटा.

इलाज असा. दोन्ही पट्ट्या काढून मध्यरेषेवर एकच टेफ्लॉनची चकती, ४ मिमी व्यासाची, १ मिमी जाड. मागचं युनिट दोन बाजूंना आणि पुढे मधोमध एक, असे बॉयलरला तीन आधार. तीन पायांचं स्टूल डगमगत नाही, तसं. बिजागरीच्या २ मिमी खिळ्याचं भोक दोन्ही बाजूंनी काउंटरसिंक केलं, म्हणजे तोंडाशी पसरट केलं, मधे ०.३ मिमीचीच कडा राहिली. त्यामुळे युनिट डावी-उजवीकडे फिरतंही आणि कलंडतंही, पण पुढे-मागे हिसका बसत नाही. भोक नुसतं मोठं केलं तर हिसका बसतो आणि दिशा बदलताना गिअर वाजतात. ट्रॅकच्या बाजूने उंचीची सुरुवात १५० ऐवजी ४०० मिमीवर पसरवली. आता ४५ मिमीत ०.११ मिमी पीळ.

एवढं केल्यावर घसरणं नव्वद टक्के गेलं. उरलेलं दहा टक्के वायरीत होतं. पुढच्या युनिटमधून वीज घेणाऱ्या दोन वायरी साध्या पीव्हीसी आवरणाच्या होत्या. दागिने तोलायच्या काट्यावर युनिटचं टोक टेकवून पाहिलं तर वायरी जोडलेल्या असताना ते कलंडायला काही ग्रॅम जास्त रेटा लागत होता, आणि तोही एकाच बाजूला. त्या जागी सिलिकॉन आवरणाची बारीक वायर, बिजागरीच्या बरोबर वरून, एक सैल वेढा देऊन. वायर बिजागरीपासून जितकी दूर, तितकी ताणली जाते. ४४२ कंपाउंड (तीच वाफ दोनदा वापरणारं) असल्यामुळे मागच्या छोट्या सिलिंडरांतून पुढच्या मोठ्यांकडे वाफ नेणारी जाड नळी दिसायलाच हवी. ती पितळेच्या तारेची न करता १.५ मिमी सिलिकॉन ट्यूबची करा. पितळेची नळी सुंदर दिसते, पण वायरीसारखीच आडवी येते.

वजनाचा हिशेब: इंजिन २१० ग्रॅम, त्यातले ७८ पुढच्या युनिटवर. बाजूच्या टाक्यांत १ मिमी शिशाच्या गोळ्या भरल्या आहेत, इपॉक्सीत. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या गोंदात शिसं कधीही भरू नये. काही महिन्यांत ते फुगतं आणि टाकीच्या भिंती फोडतं. पकड वजनाच्या एक पंचमांश धरली तर ४२ ग्रॅम ओढ, त्यातले साडेसात स्वतःला वर न्यायला. ३५ ग्रॅमच्या डब्याला चढ आणि वळणाचा विरोध मिळून सव्वादोन ग्रॅम लागतात, म्हणजे कागदावर पंधरा डबे. वळणाचा विरोध प्रत्यक्षात धरला त्याच्या दुप्पट निघतो, म्हणून दहाव्या डब्याला चाकं जागच्या जागी फिरतात. सहा डब्यांची गाडी आरामात जाते आणि या घाटाला तीच शोभते.

लिटोरिनाचं नाकही जमलं. १९३५ च्या फियाट रेलकारची पुढची रेडिएटर जाळी रेझिन प्रिंटमध्ये दोनदा भरून आली होती. मॉडेल ४५ अंशांत उभं करून जाळीची काडी ०.३५ मिमी ठेवली आणि धुताना मऊ ब्रश लावला तर प्रत्येक फट मोकळी निघते. भिंगाखाली पाहताना फार समाधान वाटतं. ४४२ ची प्रिंटची फाइल मात्र एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली होती, तिच्यात चारही सिलिंडर एकाच मापाचे निघाले. कंपाउंड इंजिनाला हे चालणारच नाही, ते पुन्हा काढावे लागले. नंबर ४४२.५९ चा फोटो समोर ठेवल्याशिवाय कुठलीही फाइल विकत घेऊ नये.

काळाबद्दल मात्र विचार बदलतो आहे. लेआउट १९३८ चा ठरला होता: अन्साल्दो या इटालियन कारखान्याचं ४४२ नवं कोरं, लाइन अस्माराच्याही पलीकडे पार बिशियापर्यंत, आणि शेजारून १९३७ चा मसावा–अस्मारा रोपवे. पण लाइन पुढे जाते असं भासवायचं तर वरच्या टोकाला गाडी लपवायला दोन मीटर जागा हवी, ती नाही. त्यापेक्षा १९९४ ते २००३ घ्यावा. १९७० च्या दशकात एरिट्रियाच्या स्वातंत्र्ययुद्धात लाइन बंद पडली, रूळ आणि लोखंडी स्लीपर दोन्ही बाजूंनी खंदकांत आणि बंकरांत वापरले. स्वातंत्र्यानंतर तेच गोळा करून, निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या रेल्वेवाल्यांना बोलावून, लाइन पुन्हा घातली आणि २००३ मध्ये ती अस्मारापर्यंत पोचली. हा काळ घेतला तर आर्बारोबा स्टेशनाच्या वर रूळ जिथे संपतात तिथेच बेसबोर्ड संपवता येतो. लपवायची जागाच लागत नाही, आणि रूळ घालणाऱ्या गाडीला इंजिन उताराच्या बाजूने ढकलतं, म्हणजे आता सोडवलेल्या वळणाची खरी परीक्षा. रोपवेचे मनोरे जातील याचं वाईट वाटतं. ब्रिटिशांनी रोपवे दुसऱ्या महायुद्धानंतर उतरवून नेला होता. त्या बदल्यात रुळांवर चालवलेला रशियन उराल ट्रक मिळतो.

म्हणून पुढचं काम स्लीपरचं. पोकळ पन्हाळीच्या आकाराचे, २१ मिमी लांब, भिंत ०.४ मिमी, दीडशे नग ढिगासाठी. बंकरातून आलेले दिसायला थोडे वाकडे हवेत: प्रिंट धुतल्यावर, यूव्हीखाली पक्का करायच्या आधी, ६० अंशांच्या पाण्यात बुडवून चिमट्याने पीळ द्यायचा. रूळ कोड ५५ चे, १.४ मिमी उंच. माणसं १:८० चीच घ्या. १:८७ ची जवळपास पावणेदोन मिलिमीटरने ठेंगणी पडतात आणि इंजिनाशेजारी ते लगेच कळतं.

अस्माराच्या पलीकडच्या केरेन गावाजवळच्या घळीचा तुकडा अजून यादीत आहे. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे चौथ्या आणि पाचव्या भारतीय डिव्हिजन लढल्या, मराठा लाइट इन्फन्ट्री त्यांत होती, आणि रेल्वे त्या घळीतूनच जात होती. अस्माराच्या पलीकडची ही लाइन पुन्हा घातलेली नाही, त्यामुळे तो १९४१ चाच करावा लागेल, वेगळ्या बोर्डावर. त्या घळीचे रेल्वे दिसणारे जुने फोटो कोणाकडे असतील तर कळवा. बोगद्याच्या तोंडाचं दगडकाम नेमकं कसं आहे, हे त्यावरूनच ठरवता येईल.