जहाज धक्क्याला लागताना झोपू नका

क्रूझवरून आल्यापासून बिल्डिंगमध्ये सगळे एकच विचारतायत, खायला काय काय होतं. भरपूर होतं, इंडियन काउंटर होता, जैन जेवण होतं, रात्री उशिरा पण पिझ्झा मिळत होता. पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते आमच्या एजंटने पण सांगितलं नाही आणि व्हिडिओ बघून पण कळलं नाही. क्रूझमधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे जहाज बंदरात शिरतं तो पहाटेचा तास-दीड तास, आणि नेमकं तेव्हाच जवळजवळ अख्खं जहाज झोपलेलं असतं.

हे मला दाखवलं बाबांनी. बाबा न्हावा शेवाला क्रेनवर होते, पोर्ट १९८९ ला सुरू झालं त्यानंतर काही वर्षांनी लागले ते रिटायर होईपर्यंत तिथेच. क्वे क्रेनच्या, म्हणजे धक्क्यावर कंटेनर उचलणाऱ्या उंच क्रेनच्या, केबिनला पायाखाली काच असते आणि ऑपरेटर शिफ्टभर पुढे वाकून त्या काचेतून खाली कंटेनर बघत असतो, त्यात मान गेली, रोज शिडी चढून गुडघे गेले. एवढी जहाजं त्यांनी रिकामी केली आणि भरली पण समुद्रावरून एखाद्या बंदरात शिरायचं कधी झालं नाही. म्हणून यावेळी आई, बाबा, मी आणि माझी लेक असे चौघं सिंगापूर, पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर असं करून आलो. नेरूळहून निघताना आईला एकच काळजी होती की बॅगा किती वेळा उचलाव्या लागतील. तर एकदाच, केबिनमध्ये एकदा उघडल्या की मग बंदरं बदलतात, खोली तीच. गुडघे दुखणाऱ्या माणसांना घेऊन तीन देश फिरायचे तर यापेक्षा चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

सिंगापूरचं मरीना बे क्रूझ सेंटर २०१२ सालचं, एअरपोर्टसारखंच सगळं, चेक-इन, स्कॅनर, इमिग्रेशन. व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते मात्र नीट बघून घ्या, कारण जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येतं. आणि निघायच्या आधी सेफ्टी ड्रिल असतं, बरेच जण त्याला कंटाळतात, प्लीज कंटाळू नका. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, ३२ माणसं गेली. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज निघायच्या आधी किंवा निघाल्या निघाल्या ड्रिल व्हावंच लागतं. बाबांनी आम्हाला आमच्या मस्टर स्टेशनपर्यंत, म्हणजे संकटात जमायच्या जागेपर्यंत, दोनदा चालवत नेलं, एकदा लिफ्टने आणि एकदा जिन्याने, कारण आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही.

रात्रभर जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून चालतं. जवळपास ८०० किलोमीटर लांब पट्टा, सिंगापूरजवळ फिलिप्स चॅनलला तर जेमतेम २.८ किलोमीटर रुंद, आणि चीन-जपानला जाणारं कितीतरी तेल, कितीतरी कंटेनर इथूनच जातात. डेकवर उभं राहिलं की दोन्ही बाजूला दिव्यांची रांग, जाणाऱ्यांची लेन वेगळी, येणाऱ्यांची वेगळी, समुद्रावर पण हायवेसारखंच, फक्त इथे उजवीकडून चालायचं. बाबा दिवे बघून सांगत होते, हा कंटेनरवाला, तो टँकर, तो नांगर टाकून उभा आहे. लेक म्हणाली आजोबा तुम्हाला कसं कळतं, तर म्हणाले अगं पुढचा-मागचा दिवा आणि मधला अंधार बघ, किती लांबीचं आहे ते कळतं.

आता पोर्ट क्लांग. मलेशियात सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे पहाटे साडेपाचला मिट्ट काळोख. बाबांनी मला उठवलं, म्हणाले पायलट येईल बघ आता, पायलट म्हणजे जहाजाला बंदरात आत नेणारा तिथला वाटाड्या. आम्ही बाल्कनीत. लांबून एक छोटी बोट आली, वर पांढरा दिवा त्याच्या खाली लाल, बाबा म्हणाले हीच, वर पांढरा खाली लाल म्हणजे पायलट बोट, जगात कुठेही जा. आमच्या जहाजाच्या पोटात पाण्यापासून थोडं वर एक दार उघडलं, आतून पिवळा उजेड बाहेर पडला, दोरीची शिडी खाली आली. बोट जहाजाला घासून बरोबरीने पळतेय, जहाज थांबलेलं नाहीये हं, आणि एक माणूस लाइफ जॅकेट घालून बोटीच्या कडेला उभा. लाट बोटीला वर उचलते त्या क्षणी त्याने शिडी पकडली आणि चार-पाच पावलांत आत. मी रेलिंग घट्ट धरून बघत होते. बाबा म्हणाले कॅप्टन कितीही मोठा असू दे, या बंदरातली वाळू कुठे सरकलीय आणि ओहोटीला पाणी किती उरतं ते त्या माणसाला माहीत असतं.

मग उजाडायला लागलं तर दोन्ही बाजूला तिवरं! अगदी आपल्या खाडीतली असावीत तशी, क्षणभर मला नेरूळच्या करावे गावाच्या बाजूलाच बघतेय असं वाटलं. क्रूझचा धक्का पुलाऊ इंदाह बेटावर आहे आणि त्याच्या शेजारीच वेस्टपोर्ट्सचं कंटेनर टर्मिनल. क्रेनची ओळच्या ओळ, सगळ्यांचे दिवे लागलेले, शिफ्ट चालू. बाबा एकदम गप्प झाले आणि मग हळूहळू मोजायला लागले, बूम म्हणजे क्रेनचा लांब हात, तो वर किती, खाली किती, कुठली काम करतेय. ते टगची, म्हणजे मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीची, वाट बघत होते, न्हावा शेवाला मोठं जहाज टगशिवाय धक्क्याला लागत नाही. इथे टग आलीच नाही. जहाज जागच्या जागी वळलं आणि सरळ आडवं सरकत धक्क्याला आलं. आजकालच्या बऱ्याच क्रूझ शिपना खाली फिरणारे पॉड असतात, इंजिन वीज बनवतं आणि पॉडमधली मोटर पंखा फिरवते, तो पॉड ३६० अंशात वळतो, शिवाय पुढे नाळेजवळ आडवे थ्रस्टर, म्हणजे जहाजाला बाजूला ढकलणारे पंखे. बाबांनी हे ऐकलेलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. वरून आधी बारीक दोरी फेकली, टोकाला वजन बांधलेली, खालच्या माणसाने ती ओढली तसा तिच्या मागून मांडीएवढा जाड दोर आला, त्याचा फास बोलार्डवर, म्हणजे धक्क्यावरच्या जाड खुंटावर, पडला. मग प्रत्येक दोरावर गोल ताटलीसारखं काहीतरी अडकवलं, ते उंदरांसाठी, दोरावरून उंदीर जहाजात चढू नये म्हणून.

त्यानंतर सगळे क्वालालंपूरला टॉवर बघायला गेले, जायलाच तासाहून जास्त लागतो. बाबा नाही आले. दिवसभर डेकवर खुर्ची टाकून शेजारच्या क्रेन बघत बसले आणि मला ते अजिबात वाया गेलं असं वाटत नाही.

पेनांग आईचं. तिथे धक्का जॉर्जटाउनच्या अगदी गावातच, बाहेर पडलं की चालत सगळं, त्यामुळे टूर विकत घेऊ नका, पैसे वाचवा. मलाक्का शहराबरोबर हे गाव २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. १८३३ सालचं महामारिअम्मन मंदिर आहे, बाहेर गजरे, केळीच्या पानावर जेवण, आई तमिळ बायकांशी हिंदी-मराठी मिसळून बोलत होती आणि त्यांना कळत होतं. संध्याकाळी च्यू जेट्टीला गेलो, पाण्यात खांब रोवून त्यावर लाकडी घरं, च्यू आडनावाच्या चिनी लोकांची वस्ती, लोक अजून राहतात तिथे. लोकांची घरं आहेत ती, दारात वाकून फोटो काढू नका.

फुकेतला पाटोंगच्या बाजूला मोठ्या जहाजाला धक्काच नाही. जहाज लांब उभं राहतं आणि टेंडर बोटीने किनाऱ्यावर न्यायचं, या बोटी म्हणजे जहाजाच्याच लाइफबोटी. आई घाबरली, पण खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात आणि लाट सम झाली की "नाऊ" म्हणतात. बसल्यावर बाबा म्हणाले हर्णेला असंच होतं. ते लहान असताना भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावी जायचे, हर्णेला बोट लांब थांबायची, मग पडावात उतरायचं, ट्रंका, कोंबड्या, पोरं सगळं हातोहात खाली. कोकणच्या बोटी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, बाबांनी ही गोष्ट मला कधी सांगितलीच नव्हती, ती अंदमानच्या समुद्रात सांगितली. आणि हो, थायलंडचं घड्याळ एक तास मागे, आमच्या जहाजाने सिंगापूरचीच वेळ ठेवली होती. फोन आपोआप बदलतो, त्याच्या भरवशावर राहू नका, जहाज थांबत नाही.

केबिन साफ करणारा मुलगा रत्नागिरीकडचा निघाला. महिनोन् महिने सलग काम, आठवड्याची सुट्टी नाही. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास विश्रांती मिळायलाच हवी, ती मिळते म्हणाला, पण तुकड्यातुकड्यात. बेलापूरला जहाजावरच्या नोकरीसाठी एजंटांकडे फाइल घेऊन उभी असलेली पोरं आपण रोज बघतो, ती पुढे कुठे जातात ते इथे दिसतं. टिप बिलात लागते तरी आईने निघताना त्याच्या हातात वेगळं पाकीट दिलं, तुम्ही पण द्या.

खर्चाचं थोडक्यात, ड्रिंक पॅकेज घेऊ नका, वायफाय एकाच फोनवर घ्या, पण आई-वडील बरोबर असतील तर बाल्कनीची केबिन घ्याच. पहाटे पाचला वरच्या डेकवर जाणं त्यांना जमेलच असं नाही, बाल्कनीत शाल घेऊन बसता येतं. आणि बुक करताना बंदरांची वेळ विचारा, अंधारात शिरणार की उजेडात.

आता बाबांना मुंबईहून लक्षद्वीपची क्रूझ करायचीय, म्हणजे या वेळी आपलंच बंदर समुद्रावरून बघता येईल. तिथेही छोट्या बोटीने उतरवतात असं ऐकलंय. कुणी अलीकडे जाऊन आलं असेल तर सांगा, बोटीत उतरायला पायऱ्या किती असतात आणि धरायला कठडा आहे का, आईच्या गुडघ्यासाठी विचारतेय.