कडा तोच, वेळ चुकली

गेल्या जूनमध्ये पहाटे 3 वाजता उठून गाडी काढली, थर्मासमध्ये चहा भरला, बायकोला उठवायची हिंमत झाली नाही म्हणून एकटाच निघालो आणि साडेचारच्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्डच्या बाजूनं चालत ककमिअर हेवनच्या त्या कोस्टगार्ड कॉटेजेसपाशी पोचलो. सेव्हन सिस्टर्सचा तो फेमस फोटो इथूनच निघतो, पुढे दोन-तीन जुनी घरं, मागे पांढऱ्या कड्यांची लाटांसारखी रांग. कॅलेंडरवर असतो तो. सिनेमात डोव्हरचे पांढरे कडे म्हणून दाखवतात तेही बरेचदा हेच असतात. आणि सूर्य उगवला तो कड्यांच्या मागून! समोरचा सगळा पांढरा खडू (हे कडे खडूच्या दगडाचेच आहेत) सावलीत, निळसर करडा, धुवायला टाकलेल्या चादरीसारखा. तासभर बसून राहिलो, काही होत नव्हतं.

घरी येऊन नकाशा उघडला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला (कड्यावर नाही पडला तो नाही पडला). हे कडे तोंड करून बसलेत नैऋत्येला. उन्हाळ्यात इथे सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो, म्हणजे दोन्ही वेळा कड्यांच्या पाठीमागे. जी वेळ फोटोसाठी सगळ्यात भारी म्हणून सांगतात तीच इथे जूनमध्ये बेकार. हिवाळ्यात मात्र सूर्य नैऋत्येलाच मावळतो.

म्हणून मग जानेवारीत पुन्हा गेलो, यावेळी झोप पूर्ण करून, जेवून, कारण सूर्यास्त चारच्या आसपास असतो. पावणेचारला ऊन उजव्या खांद्यामागून आडवं आलं आणि सगळी रांग आधी लोण्यासारखी पिवळी, मग गुलाबी झाली, पाच-सात मिनिटं फक्त. त्यातली दोन मिनिटं मी एक्सपोजरशी, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा याच्याशी, मारामारी करण्यात घालवली. फ्रेमभर खडू असला की कॅमेरा त्याला करडा करून टाकतो, आणि एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट, वाढवायला गेलात तर उन्हातला भाग पार उडतो. शेवटी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघत बघत थोडं कमीच ठेवलं, सावल्या नंतर घरी उचलता येतात, उडालेला पांढरा परत येत नाही. परतताना बुटांना ओल्या खडूचा लगदा असा चिकटला होता की बायकोनं बूट दारातच काढायला लावले.

किनाऱ्यावर नुसता सूर्य बघून भागत नाही, भरती-ओहोटीही बघावी लागते. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, त्यामुळे या शनिवारी जिथे उभं राहून फोटो काढला तिथे पुढच्या शनिवारी त्याच वेळी पाणी असू शकतं. आणि कड्याखाली उभं राहायचं तर वर बघा, खडू कधीही न सांगता कोसळतो. वरून टोकापाशी जाऊन वाकून बघणारेही रोज दिसतात, खाली पोकळ असेल हे त्यांच्या गावीही नसतं. तिथून पूर्वेला बेल टाउट नावाचं जुनं दीपगृह आहे, कडा झिजत झिजत त्याच्या इतका जवळ आला की 1999 मध्ये ती अख्खी इमारत तुळयांवरून 17 मीटर मागे सरकवली. घर सरकवलंय लोकांनी, आपण दोन पावलं मागे राहायला काय हरकत आहे.

उत्तरेला नॉर्थम्बरलंडमधल्या लिंडिसफार्नला तर भरती तुमची सुट्टीच ठरवते. बेटावर जायचा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, कधी जायचं-यायचं त्याचं वेळापत्रक लावलेलं असतं, तरी गाड्या अडकतातच. अडकलेल्यांसाठी रस्त्यालगत खांबांवर एक पांढरी खोली बांधून ठेवली आहे, त्यावरूनच समजा. मी तिथल्या उलट्या करून शेड बनवलेल्या जुन्या होड्या पुढे घेऊन मागे किल्ला, अशी फ्रेम लावून बसलो होतो, ढग नुकते फाटायला लागले होते, आणि बायको म्हणाली चला, वेळ झाली. निघालो. पलीकडे पोचलो आणि गाडीच्या काचेतून मागे पाहिलं तर सगळं आकाश पेटलेलं. तो फोटो माझ्याकडे नाही.

आणि सिकॅमोर गॅपचाही नाही. उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या जुन्या रोमन भिंतीलगत दोन टेकाडांच्या खळग्यात उभं असलेलं ते एकटं झाड, मी त्या रस्त्यानं दोनदा गेलो, दोन्ही वेळा आभाळ सपाट पांढरं होतं म्हणून पुढच्या वेळी बघू म्हटलं. सप्टेंबर 2023 मध्ये कुणीतरी रात्रीत ते करवतीनं कापून टाकलं. माझ्याकडे मोबाइलवर चालत्या गाडीतून घेतलेला एक आहे, त्यात झाड म्हणजे नखाएवढा ठिपका, तोही काचेवरच्या पावसाच्या थेंबाशेजारी. डिलीट करत नाही.

तेव्हापासून आभाळ सपाट असलं तरी थांबतो. परवा यॉर्कशरमधल्या रिबलहेडला असाच थांबलो, 24 कमानींचा तो 400 मीटर लांब रेल्वेचा पूल, पाऊस आडवा, वारा इतका की ट्रायपॉडचे पाय कमी उघडून त्याला बॅग लटकवली तरी थरथर जाईना. फिल्टरवर दर अर्ध्या मिनिटाला थेंब. पुसायचं, फ्रेम बघायची, परत पुसायचं, जवळची तिन्ही फडकी ओली. दीड तासानं मागच्या डोंगरावर जरा ऊन पडलं, मी म्हटलं आता आलीच गाडी, एकदा शेवटचं पुसून घेऊ. पुसत असतानाच आवाज आला. मान वर केली तेव्हा शेवटचा डबा शेवटच्या कमानीवर होता.

फोटो आहे. पूल रिकामा आहे, डोंगरावर ऊन मात्र झकास आलंय.