स्कॉटलंडची नोट

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिंबऱ्याला गाडीने साडेचार तास. उजवीकडची खिडकी धरायची. बेरिक स्टेशन सुटलं की पाचेक मिनिटांत, समुद्राच्या कड्यालगत, रुळांशेजारी इंग्लंड-स्कॉटलंड सीमेची पाटी येते आणि जाते. गाडी थांबत नाही, पासपोर्ट कुणी मागत नाही. १७०७ मध्ये दोन्ही राज्यं एक झाली, पण कायदा, शाळा आणि चर्च स्कॉटलंडने आपलेच ठेवले.

वेगळेपण हाताला लागतं ते एटीएमपाशी. तीन स्कॉटिश बँका स्वतःच्या नोटा काढतात. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडची दहा पौंडांची नोट मी उलटसुलट करून पाहिली: पुढे गणिती मेरी सॉमरव्हिल, मागे पाणमांजरं. राजाराणी कुठेच नाहीत. गंमत म्हणजे ही नोट खुद्द स्कॉटलंडमध्येही ‘लीगल टेंडर’, म्हणजे देणं फेडताना कायद्याने नाकारता न येणारं चलन, नाही. चालते, कारण बँकेला तेवढ्याच किमतीच्या बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा, नाणी किंवा ठेवी बाजूला राखाव्या लागतात.

सगळं घोडं इथेच पेंड खातं. स्कॉटलंडने स्वतंत्र व्हायचं का, या १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्वातंत्र्यवाद्यांना पौंड ठेवायचा होता. लंडनने फेब्रुवारीतच बजावलं होतं की वेगळे झालात तर पौंडात भागीदारी नाही. ५५.३ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला ‘नको’ म्हटलं. स्कॉटलंड सरकारचा २०२२ चा प्रस्ताव आधी पौंड, मग सवडीने स्वतःचं चलन, असा. म्हणजे मधल्या काळात व्याजदर लंडन ठरवणार आणि तिथे यांचा शब्दही नसणार. चूल वेगळी मांडायची, पण विस्तव कधी द्यायचा ते जुन्या घराने ठरवायचं! स्वातंत्र्याची ओढ मला खरी वाटते, हा हिशेब नाही.

ब्रेक्झिटने पेच वाढवला. २०१६ मध्ये इथल्या ६२ टक्के मतदारांना युरोपीय संघात राहायचं होतं. उद्या वेगळं होऊन संघात परतले, तर बेरिकपुढच्या त्या पाटीपाशी मालाची तपासणी येईल, आणि यांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक तर पाटीपलीकडेच.

एडिंबऱ्याचा जुना रस्ता रॉयल माइल उतरून गेलं की तळाशी स्कॉटलंडची संसद. प्रवेश फुकट, रविवारी बंद, दारात विमानतळासारखी तपासणी. वास्तुकार एन्रिक मिरालेस बार्सिलोनाचा, म्हणजे कॅटलान; स्पेनपासून वेगळं व्हायची ओढ तिथेही आहे. हा योगायोग मला भारी वाटला. आतल्या १२९ सदस्यांना स्वतःहून सार्वमत घेता येत नाही, असा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२२ चा निकाल आहे.

परतण्याआधी स्कॉटिश नोटा तिथेच संपवा. लंडनचे दुकानदार कधी कधी का-कू करतात, आणि परदेशातले मनी चेंजर बऱ्याचदा हातच लावत नाहीत. उरल्याच तर बँकेत बदलून घ्या.